दांडीवरची साडी

आज सकाळी साडी दांडीवर एकसारखी पसरली आणि तिचे काठ समोरासमोर आले. मुलांनो, तुमच्याकडे कपडे यंत्रात वाळतात, त्यामुळे यात लिहिण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. आपल्या घरी दांडी छताजवळ आहे. काठीने साडी वर चढवून पसरायची, तर हात बराच वेळ उचलून धरावे लागतात.

उन्हाळ्यापासून माझे दंड भरून येत होते. साडी बोळा होऊन लटकायची. "आज कोणावर रुसलीय ती?" आजोबा विचारायचे. मी हसायचे, पण एकेक काम असेच हातातून सुटत जाणार, ही धास्ती मनात होती. वय झाले, असे मी स्वतःला बजावत राहिले.

शेवटी दवाखान्यात दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी माझ्या गोळ्या पाहिल्या आणि रक्त तपासून घेतले. "आजी, कोलेस्टेरॉलच्या गोळीने कधीकधी स्नायू दुखतात. स्नायूंना लागणारं एक द्रव्यही तिच्यामुळे कमी होऊ शकतं. शिवाय तुमचं ड जीवनसत्त्व फार खाली आहे. ते भरून काढू, गोळीही बदलू. पण आपल्या मनाने बंद करायची नाही हं."

घरात काही हरवले की एखाद्या गरीब माणसावरच संशय जातो, तसा माझा वयावर गेला होता.

"रुसवा गेला वाटतं," आज सकाळी आजोबा वर बघत म्हणाले. मी त्यांच्या हातातला ओला पंचा घेतला आणि तोही दांडीवर चढवला.