पुसलेली जर्सी

राहील मुकादमचा जन्म सौदीतल्या कतीफचा, पण तो वाढला रत्नागिरीत. पुण्यात रग्बी शिकला, भारताकडून खेळला. मग सौदीतल्याच धाहरानच्या एका खासगी क्लबने त्याला बोलावलं. जन्म इथला असल्यामुळे पुढे सौदीकडूनही खेळता येईल, असं क्लबचा मॅनेजर म्हणाला. अम्मीने विचारलं, "देश बदलतोस?" तो म्हणाला, "जिथे जन्मलो तिथेच चाललोय."

दुसऱ्या मोसमात एका सामन्यात त्याचा सोबती हम्माद याचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं. हम्माद उठला, भलत्याच दिशेने चालू लागला आणि स्वतःच्या छातीवर ओकला. मॅनेजर धावत आला. आता हा डॉक्टरला हाक मारेल, असं राहीलला वाटलं. पण मॅनेजरने ओला रुमाल काढून जर्सीवरच्या जाहिरातदाराच्या नावावरची ओकारी तेवढी पुसली, कारण कॅमेरा जवळ आला होता.

"यल्ला, चल, खेळ," तो हम्मादला म्हणाला.

"आपण कुठे आहोत तेही त्याला कळत नाहीये," राहील म्हणाला.

"तू तुझं बघ. तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, आमच्या हातात आहे."

राहीलला त्या माणसाची शिसारी आली, आणि हम्माद उठला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांचीही. हम्मादला खांद्याचा आधार देऊन त्याने मैदान सोडलं आणि टॅक्सीने इस्पितळ गाठलं. हम्माद वाचला.

क्लबने राहीलचा करार मोडला. खटपटीने कफील, म्हणजे परवान्याची हमी घेणारा मालक, बदलून तो अल खफजीच्या तेलक्षेत्रात सुरक्षा निरीक्षक झाला. पुढच्या मोसमात परत खेळायला ये म्हणून मॅनेजरचा गोड आवाजात फोन आला. "खलास," एवढंच म्हणून राहीलने तो बंद केला.