पाचवीच्या आधीची सुई

मंडळी, आज सकाळी मी आत्या झाले! वर्ध्याच्या दवाखान्यात वहिनीला मुलगी झाली.

वहिनीला हिपॅटायटीस बी आहे, हे गरोदरपणातल्या तपासणीत कळलं होतं. आईकडून बाळाला तो लागू नये म्हणून जन्मल्याबरोबर लस द्यावी लागते. सिस्टर सुई घेऊन आल्या आणि माझी आई मध्ये उभी राहिली.

"पाचवी होऊ द्या. सटवाईनं नशीब लिहिल्याबिगर लेकराले टोचू देणार नाई."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आई, सटवाई पाचव्या दिवशी येते. हा आजार तोवर थांबत नाई. तिले लिहायले पाटी त साफ ठेव!"

"ग्रॅज्युएट काय झाली, देवीलेही शिकवून राह्यली!" म्हणत आई बाजूला झाली. "टोचा. पण रडली त आत्यानंच घ्यायचं."

रडली. मीच घेतलं.

जगभरातल्या देशांनी मिळून हा आजार हटवायचं ठरवलंय. आमच्या घरात आज सुरुवात झाली, पुढचे डोसही चुकणार नाहीत. तुमच्या घरी कोणी गरोदर आहे का? तिची ही तपासणी झाली का, आजच विचाराल?