शंभरातले बाहेरचे

कोल्हापूरच्या स्टँडवर मलकापूरवरून आंब्याला जाणारी एसटी लागली आणि मी एकट्यापुरती जागा धरली. एकट्यापुरती जागा धरायची सवय अजून लागायची आहे. माझी बायको तायव्वा गेल्या उन्हाळ्यात वारली. मग शिवाजी पेठेतल्या खोलीत मी कुणावर ओरडणार? मुलगी सुनंदा शेजाऱ्यांच्या फोनवर ओरडली, "आबा, एकटं काय करताय तिथं? या की इकडं." तिचं सासर मलकापूरच्या पुढं, आंब्याच्या रस्त्याला. निघालो. माझी शाळा चौथीत सुटली आणि पुढचा जन्म म्हशींमागं गेला. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. घ्यायचं नसेल तर वाचू नका.

कंडक्टरनं अर्ध्या तिकिटासाठी वयाचा दाखला मागितला. मी तोंड उघडून दात दाखवले. म्हशीचं वय असंच बघतात. त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ पेपर पसरून बसले होते. नाव सर्जेराव.

"पावणं," (आमच्याकडं अनोळखी माणसाला अशीच हाक मारतात) "हे वाचलं का? जनगणनेचं छापून आलंय. शंभरातली इतकी माणसं बाहेरची!"

"बाहेरची म्हंजे?"

"म्हंजे भय्ये, बिहारी! आणि काय?"

आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही तो उद्या कुणाला तरी सांगाल, आणि त्या आकड्याला वाढायची खोड आहे. केर्लीपर्यंत तो छापल्यासारखा होता. वाघबीळच्या चढाला बस धापा टाकू लागली, तेव्हा मागच्या बाकावरच्यानं "किती म्हणालासा?" असं विचारलं आणि सर्जेरावांनी तो सोयीसाठी पुढच्या दहाच्या पटीत नेऊन बसवला.

पुढं ऊस विरळ झाला, भाताची खाचरं लागली. डोंगर रस्त्याजवळ सरकत आले. बांबवड्याला गाडी थांबली. मी कटवडा (तिखट रश्शात बुडवलेला वडा) घेऊन जागेवर आलो, तोच ड्रायव्हरनं गचका दिला आणि सगळा कट पेपरावर. नेमका आकड्यावर. मुद्दाम केलं का, अशी शंका सर्जेरावांना आली. मला अजून येते.

पण झालं उलटंच. पेपर वाचता येईना, मग तपासणार कशावर? मलकापूर येईतो आकडा दुप्पट झाला. पुढच्या फाट्यावर मी उतरलो तर सर्जेरावही उतरले. ते सुनंदाच्याच गावचे पुढारी निघाले. तो आकडा घेऊन संध्याकाळी देवळात सभा भरवायला चालले होते.

सुनंदाच्या दारात गरम खारीचा वास. जावई मुंबईला माथाडी कामगार, म्हणून तिनं पुढची खोली रामसजीवनला भाड्यानं दिली होती. हा उत्तर प्रदेशातला. बायको, लहान पोरगी आणि घरामागच्या परड्यात स्वतःच्या हातानं बांधलेली भट्टी, एवढा त्याचा पसारा.

"आबा, आज ठराव घालणार हायत," सुनंदा म्हणाली. "बाहेरच्याला घर द्यायचं न्हाय. ह्यांनी दिवाळीच्या आत जायचं."

"कुठं?"

"कुठंबी! भट्टी काय डोक्यावर नेत्यात?"

रामसजीवननं माझ्या हातावर खारी ठेवली. "ऊन हाय आबा, सावकाश. आमचं चालंल कुठंबी. पोरीला हितलंच बोलणं येतंय. तिकडं नेली तर आजीसंगं काय बोलंल?"

मी खारी खाल्ली. मग आणखी एक मागितली.

देवळात बायकाच जास्त होत्या. गडी माणसं निम्मी मुंबईला. सर्जेराव उभे राहिले. "मंडळी, सरकारी मोजणी हाय. निम्मं गाव बाहेरचं झालंय!"

मी मागून विचारलं, "मोजलं कसं म्हणायचं?"

"मास्तर घरोघर फिरलेते की, पावणं!"

"आमच्याकडंबी आलता. बायकोला इचारलं, जन्म कुठला? ती म्हणाली, कर्नाटकातला. त्यानं लिवून घेतलं. जन्म दुसऱ्या गावचा, त्यो बाहेरचा. म्हंजे आमची तायव्वा बाहेरचीच धरली. जन्मभर माझ्या म्हशींच्या धारा काढून बाहेरची! मग तुमच्या सुना कुठल्या रकान्यात धरल्या?"

सुनंदा उठली. "मी कोल्हापुरातनं आलोय. धरा मला."

"मी शिराळ्याची," दुसरी उठली. मग तिसरी. मग मोजायचं सोडलं.

"अगं, तसलं बाहेरचं न्हवं!" सर्जेराव ओरडले.

"मग कसलं?"

खांबाला धरून एक म्हातारी उठली. सर्जेरावांची आई. "सर्ज्या, मी साखरप्याची. घाट उतरून कवा जाऊ, सांग. आन् उद्याच्या भाकऱ्या कोण थापणार, त्येबी ठरावात घाल."

देऊळ हसलं. निम्मं गाव बाहेरचं, हे सर्जेरावांचं म्हणणं तेवढं खरं निघालं.

तरी एकजण म्हणालाच, "सुनांचं येगळं, भय्याचं येगळं." काही माना हलल्या. तेही मी पाहिलं, उगाच लपवत नाही. पण सगळं गाव हसत असताना कुणाला घराबाहेर काढता येत नाही. "पुढच्या सभेला बघू," म्हणून सर्जेरावांनी आईला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. जाताना मला म्हणाले, "म्हातारबा, वडा तुम्ही मुद्दामच सांडलासा."

सकाळी परड्यात भट्टी पेटली. रामसजीवनची पोरगी दप्तर घेऊन माझ्यापुढून पळत गेली. "आबा, शाळंला उशीर झाला!" दोन दिवस राहून मीही परत निघालो.

पेठेत येऊन कुलूप काढलं. कर्नाटकातून आलेल्या त्या बाईनं मला कन्नडमध्ये शिव्या खायला शिकवलं, त्याही कुणी देत नाही आता. ती होती तोवर ह्या घरात शंभरातली पन्नास बाहेरची होती. आज शंभरातली शंभर इथलीच. सर्जेरावांना हवं तसं घर झालंय. त्यांनी एकदा इथं येऊन राहून बघावं.