शेवग्याचा पाला आणि माझा पाय

माझ्या बायकोच्या अंगात रक्त वाढलं, ते मी झाडावरून पडल्यामुळे. डॉक्टरांनीही हे मान्य केलं आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वसईकडच्या बोळिंजच्या आमच्या घरात आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेवर पडली. तिचं सगळं माझी बायको रेजिन करी. आईला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, दोन मुलींच्या वेण्या, म्हशीची धार, शिवाय बँकेत कारकुनी करणारा मी (मलाही ती कामांतच धरायची!). आणि हे सगळं गुणगुणत! मला तर नुसतं बघूनच धाप लागे.

एक दिवस ती विहिरीवर चक्कर येऊन खालीच बसली. डॉक्टर म्हणाले, "रक्त फार कमी आहे. रोज पालेभाजी खा, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल."

"मग आईंना कोण बघेल?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "भाजीच खा!"

वाडीत भाजीला तोटा नव्हता. ती रेजिनच्या ताटापर्यंत पोचत नव्हती, एवढंच. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि आईला बघायला तर सारं गाव येई. लाल माठ केला, तो आईच्या मावसबहिणीने संपवला. अळू केलं, तेव्हा फादर आईसाठी प्रार्थना करायला आले. अळूची स्तुती करत करत त्यांनीही दोनदा वाढून घेतलं.

"अगो, तू काय खाल्लंस?" आई खाटेवरून विचारी.

"खाल्लं की!" रेजिन म्हणे. (म्हणजे टोप पुसून घेतलेला भात!)

"आता मीच बघतो!" मी जाहीर केलं. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर पाहुणे यायच्या आत शेवग्याचा पाला काढायचा, भाजी करायची आणि टोप कपाटात कुलूपबंद! मिस्साची पांढरी पँट न बदलताच मी परसातल्या शेवग्यावर चढलो.

आईने खिडकीतून पाहिलं. "बस्त्याव! अरे, शेवग्यावर कोण चढतं का? काठीला कोयता बांध!"

"आई, लहानपणी मी चिंचेवर चढायचो!"

"चिंच ती चिंच! हा शेवगा मुळ्यासारखा मोडतो!"

रेजिन धावत आली. "अहो, खाली या बघू!"

"तुझ्यासाठीच चढलोय!" मी वरून भाषण सुरू केलं. "आजपासून या घरात पहिलं ताट..."

काड्!

फांदी, पाला, पांढरी पँट आणि मी, सगळे एकदमच खाली आलो. नेमकं तेव्हाच मिस्साहून परतलेलं निम्मं गाव फाटकातून आत येत होतं.

"आलो होतो म्हातारीला बघायला," शेजारीण म्हणाली, "आता आधी कोणाला बघायचं?"

संध्याकाळी माझा पाय प्लास्टरमध्ये आणि माझी खाट आईच्या खाटेशेजारी! शेजारणी अंगणात बसून पाला निवडत होत्या (फांदी मोठी होती, साऱ्या आळीला पुरली!). रेजिनने भाजी परतली, मूठभर सुका जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, टाकला, वर ओलं खोबरं घातलं आणि नेहमीप्रमाणे पहिलं ताट आईपुढे आणलं. आईने तोंड घट्ट मिटलं.

"आधी तू."

ताट माझ्याकडे आलं. मीही तोंड मिटलं. (भूक मरणाची लागली होती, तरी!)

दोन खाटांच्या मध्ये ताट घेऊन रेजिन उभीच राहिली. आधी हसली, मग पदराने डोळे पुसले. "खरंच की," ती म्हणाली, "आता मी पडले तर या दोघांना उचलणार कोण?"

आणि तिथेच पाट मांडून ती जेवायला बसली. तांदळाची भाकरी, ढीगभर भाजी, सावकाश, चवीने. रेजिनलाही भूक लागते, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिसलं. एवढ्या माणसांना पोसणारी ही बाई स्वतः जेवताना किती सुंदर दिसते, असं वाटून मी चादरीच्या टोकाने डोळे टिपले. आईने पलीकडून हात लांब करून माझा हात दाबला. मग म्हणाली, "रडू नको, तुझ्या वाटणीची उरेल."

उरली नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे पहिलं ताट रेजिनचं, मग आजाऱ्यांचं, मग पाहुण्यांचं. मोडलेल्या जागी शेवगा असा काही फुटला की पाला संपता संपेना. माझं प्लास्टर निघेपर्यंत तिच्या गालांवर रंग आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कुठलं घेतलंत?" रेजिनने माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

आणि मी? मी कुबड्या घेऊन फाटकाशी उभा राहिलो की मिस्साहून परतणाऱ्या बायका एकेक करून जवळ यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच विचारायच्या, "भाऊ, आमच्या ह्यांनापण जरा शेवग्यावर चढायला शिकवता का?"