माझ्या नावावरचा खिमाभात

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी कंपनीत तपासणीच्या टेबलावर होते. फोन आम्हाला लॉकरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे घरून गेटवर फोन गेला, गेटवरून ऑफिसात, आणि आमच्या सुपरवायझर बाई स्वतः चालत लाइनवर आल्या. "मनीषा, हातातलं ठेव. घरी जा. तुझ्या सासऱ्यांची तब्येत..." एवढंच बोलून त्यांनी माझ्या हातातला मापाचा गेज काढून घेतला आणि मला कळलं. दुपारचं जेवून अण्णा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. वरच्या खोलीतली भाडेकरीण पाण्याची मोटर लावा म्हणून सांगायला खाली आली होती. तिनं दारातून दोनतीन हाका मारल्या...

मी गावी कुरुळीत पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. माझा नवरा सचिन दाराशी भिंतीला टेकून बसला होता. खेडहून आत्याबाई, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, येऊन पोहोचल्या होत्या आणि त्यांच्या रडण्यानं सगळी आळी हलत होती. कुणीतरी पाणी घ्यायला फ्रिज उघडला. आत स्टीलच्या डब्यात आलं-लसूण आणि हळद लावलेला खिमा होता, शेजारी बारीक चिरलेलं गाजर आणि फरसबी. आत्याबाईंनी रडणं थांबवलं. "बाई गं! मढं दारात आन् घरात हे? आधी बाहेर टाका ते!" कुणीतरी माझ्याकडे बघत समजुतीच्या स्वरात म्हणालं, "नोकरीवाली सून हाय, सकाळीच करून ठिवलं आसंल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, मीच. सचिननं खाली पाहिलं. कुणीतरी डबा उचलून मागच्या दारानं बाहेर नेला, आणि त्या क्षणी मला सासऱ्यांच्या जाण्याच्या दुःखापेक्षाही लाज जास्त वाटत होती; कशाची, ते मला नीट सांगताही येणार नाही. कारण तो खिमा मी लावला नव्हता. आमच्या घरात खिमा कधीच मी लावत नव्हते.

अण्णांची ओळख गावात कडक माणूस म्हणूनच होती. तरुणपणी जमीन कंपन्यांत गेली, मग त्याच कंपन्यांपैकी एकीत ते प्रेस मशिनवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोलणं कमी, आवाज मोठा. सासूबाईंना मी पाहिलंच नाही, त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी लातूरकडची, या घरात आले तेव्हा घरात दोन पुरुष होते आणि दोघांनाही चहाचं आधण ठेवता येत नव्हतं. मी नोकरी सोडली नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचं, तसंच स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहायचं, असं चाललं. मुलगी झाली, ओवी, ती मोठी व्हायला लागली, आणि माझ्याच्यानं होईना. आठवड्यातून दोनदा पोहे, दोनदा बाहेरचं पार्सल. अण्णा पुढ्यात येईल ते मुकाट खायचे. त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, हे मला तेव्हा विशेष वाटायचं. पुढे त्याचं कारण कळलं.

सुरुवात ओवीच्या हट्टानं झाली. तिनं फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता, त्यात एक मुलगी झटपट खिमा परतते, त्यात भाज्या टाकते आणि खोलगट बाउलमधल्या गरम भातावर ते सगळं ओतते. ओवीला तसंच हवं होतं, बाउलमध्येच हवं होतं. मी म्हणाले, रविवारी बघू. एका बुधवारी मी बसमधून उतरून घरात शिरले, तर घरभर लसणाचा वास. ओट्यापाशी अण्णा. बनियनवर, घामानं डबडबलेले, हातात उलथणं. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे बाजूला सरले. "पोरगी लई मागं लागली व्हती," ते म्हणाले. "म्हनलं बघावं. त्यात काय हाय एवढं?"

भात इंद्रायणी तांदळाचा होता, थोडा चिकट झालेला, आणि या पदार्थाला तोच चिकटपणा शोभतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. खिमा तळाला थोडा लागला होता. गाजराचे तुकडे कुठे डोळ्याएवढे, कुठे बोटाएवढे. तरी ओवीनं बाउल चाटूनपुसून संपवला. मी दुसऱ्यांदा घेतला. दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला कुणीतरी गरम वाढतं... ते सुख काय असतं ते मी शब्दांत सांगत नाही. अण्णा आमच्याकडे बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, "मनीषा, बाहीर कुनाला सांगू नगं. कुनी इचारलं तर तू केलं म्हन."

मी हसून हो म्हटलं. वाटलं, पुरुषमाणूस आहे, गावात राहायचं आहे, पारावर बसणारे चेष्टा करतील. त्यात मला काही गैर दिसलं नाही.

पुढे ते नेहमीचंच झालं. बुधवार-शुक्रवार चिकनचा खिमा, सोमवार-गुरुवार त्याच पद्धतीनं सोयाबीनचा चुरा. हळूहळू त्यांचा हात बसला. आधी कांदा, त्यावर खिमा मोठ्या आचेवर परतायचा, पाणी सुटलं की ते आटेपर्यंत तिथून हलायचं नाही, मग गाजर, फरसबी, सगळ्यात शेवटी कोबी आणि सिमला मिरची, म्हणजे त्या कुरकुरीत राहतात. सोया सॉसची बाटली ओवीनं आणून दिली होती. त्यात ते चिमूटभर गूळ आणि आमचा काळा मसाला घालायचे. वरून कांद्याची पात आणि लिंबू. अर्ध्या तासात चौघांचे बाउल तयार. पण दाराची कडी वाजली की हातातली सुरी टाकून ते पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. एकदा भाडेकरी आत आला आणि अण्णा पेपर उलटा धरून बसलेले. बोटं हळदीनं पिवळी. दुकानातही "सुनंनं सांगितलंय" असं म्हणूनच ते खिमा घ्यायचे.

एका शुक्रवारी आत्याबाई मुक्कामाला न येता उभ्याउभ्या म्हणून आल्या आणि जेवायला थांबल्या. मी वाढलं. आत्याबाई पहिल्या घासालाच थबकल्या. "अगं मनीषा," त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला वहिनीची चव हाय गं! दादा, तुला न्हाई वाटत? आगदी वहिनीचा काळा मसाला." मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मग मी ओशाळं हसून म्हटलं, "जमतंय हळूहळू, आत्याबाई." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती शाबासकी मी घेतली. खरं सांगायचं तर मला ती आवडलीसुद्धा, आणि आजही तो हात आठवला की कान तापतात.

आत्याबाईंची एसटी गेल्यावर आत आले, तर अण्णांचा बाउल तसाच भरलेला. मला वाटलं, आपण श्रेय घेतलं म्हणून ते दुखावले. मी म्हणाले, "अण्णा, तुम्हीच सांगितलं होतंत ना. नाहीतर पुढच्या वेळी मी खरं सांगते. आता कुठे राहिलंय तसं, कितीतरी पुरुष करतात."

"पुरुषाचं न्हाई गं ते." बाउलवरून त्यांची नजर भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोवर गेली. "पारावरचे हसतील तर हसू देत. पन हिला वळखनारी मानसं हायेत अजून गावात. ती काय म्हनतील? बायकू व्हती तवा पान्याचा तांब्या घेतला न्हाई हातानं, आन् आता सुनंला करून घालतोय."

ते थांबत थांबत बोलू लागले. सासूबाईंना कावीळ झाली होती. पोटात उतरली, घरात कुणाला उशिरापर्यंत कळलंच नाही, आणि त्यातच त्या गेल्या. एका दिवशी अण्णा कंपनीतून आले. त्या पडून होत्या. "ताप हाय म्हनली. मी म्हनलं, मग काय मी थापू भाकरी? म्हनलं खरं... ती उठली. मी हितं, ह्याच खोलीत बसलो व्हतो. भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मधीच थांबायचा. परत यायचा. मला कळत व्हतं ती का थांबतीय. तरी न्हाई उठलो मी." त्यांनी बाउल माझ्याकडे सरकवला. "चार भाकरी केल्या तिनं. मी खाल्ल्या बी."

मी तो बाउल उचलून आत नेला. त्या दिवसापासून कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलू शकले नाही. भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघायची मला चोरी झाली. जे त्या बाईला शेवटच्या दिवसांत मिळालं नाही, ते मला आठवड्यातून चार वेळा आयतं ताटात येत होतं. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याच संध्याकाळी बसमधून उतरताना भूक लागलेली असायची, आणि मी जेवायची. रागावूनही जेवायची. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या पोटात कशा राहतात, याची मला लाज वाटते, पण त्या राहिल्या.

त्या पावसाळ्यात मला ताप आला. मी आतल्या खोलीत पडून होते. अण्णा सासरे, ते आमच्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. दाराबाहेरून खाकरण्याचा आवाज आला, आणि उंबऱ्याशी बाउल ठेवल्याचा. मऊ केलेला भात, वर अगदी थोडा खिमा, मीठ दुप्पट पडलेलं. ते पलीकडे उभेच होते. "जातंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जातंय." थोड्या वेळानं पुन्हा, "सरलं का?" खारट भात मी सगळा संपवला. बाउल घ्यायला ते वाकले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही. आमच्यातला अबोला मात्र त्या दिवशी सुटला.

अण्णांच्या तेराव्याचं सगळं आटोपल्यावर बायका पुढच्या खोलीत टेकल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "आता पुढच्या बारीला आले की तुझा तो खिमाभात कर गं. दादाला लई आवडायचा." मला अचानक ते सहन होईना. मी म्हणाले, "आत्याबाई, मला तो येत नाही. अण्णा करायचे. नेहमी अण्णाच करायचे. तुम्ही खाल्लात तोही त्यांनीच केलेला."

आत्याबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "माझ्या भावाला चूल फुकायला लावली तू? आन् वर आमच्याकडून वाहवा घेतलीस? म्हातारपनी सुख तर न्हाईच, हे भोग!" मी दाराशी उभ्या सचिनकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे ना आत्या, आता कशाला," आणि पाण्याचा जग उचलून बाहेर गेला. आत्याबाई चहासुद्धा न घेता निघाल्या. जमलेल्या बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी अजून अंगावर घेऊन फिरते आहे. सासूबाईंचं मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित मी सुटले असते, आणि ते अडकले असते.

मध्ये महिनाभर आत्याबाईंचा फोन नाही. मी केला तर मामा, म्हणजे त्यांचे यजमान, "ती देवळात गेलीय" म्हणायचे. परवा संध्याकाळी मी कामावरून येऊन ओट्यापाशी उभी होते आणि त्यांचाच फोन आला. ना ख्यालीखुशाली, ना काही. "मनीषा, मला एक खरं सांग. दादानं वहिनीला कधी करून घातलं व्हतं का गं?"

मी म्हणाले, "नाही, आत्याबाई." आणि मग सगळं सांगितलं. ताप, भाकरी, मधेच थांबणारा तो आवाज, सगळं. मला वाटलं आता फोन ठेवतील. पण त्या म्हणाल्या, "वहिनी मला बोलली न्हाई कधी." आणि लगेच, "माझा तर जल्म गेला. आमच्या ह्यांनी अजून स्वतःचं ताट उचललं न्हाई." मग आवाज एकदम पहिल्यासारखा खणखणीत झाला. "कसा करायचा ते सांग त्यो भात."

मी म्हणाले, "सांगते. आधी तांदूळ..."

"मला नगं सांगू. थांब, ह्यांच्याकडं देती."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. खाकरण्याचा आवाज आला. "हां... बोल, पोरी," मामा म्हणाले.

मी म्हणाले, "मामा, आधी कांदा चिरायला घ्या."

पलीकडे डबे-भांडी हलवल्याचा आवाज आला. मग फोनपासून लांब, त्यांचा दबका आवाज आला, "अगं ए... सुरी कुठं असती आपल्याकडं?"