खोडलेले एकोणीस दिवस

शहराची हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सगळ्यात हलक्या वस्तूचं वजन ज्या बाई करत, त्यांना सगळे वजनकाकू म्हणत. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते काकूंना पाहिल्यावर कोणालाही कळायचं. त्या दारात उभ्या राहिल्या की मागचं काही दिसत नसे. चोवीस वर्षं ज्यांनी मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा दाखवणाऱ्या तराजूसमोर काढली, त्या बाई दवाखान्यातल्या काट्यावर मात्र एकदाही चढल्या नाहीत. डॉक्टरांनी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "आकडा कळला की तो खरा मानावा लागतो. नकोच ते."

काम वरवर पाहता सोपं. शहरातल्या अकरा गच्च्यांवर यंत्रं ठेवलेली. प्रत्येक यंत्र दिवसरात्र हवा ओढतं आणि एका पांढऱ्या, बशीतल्या बिस्किटाएवढ्या फिल्टरमधून सोडतं. केसाच्या जाडीत तीस मावतील इतके बारीक कण त्या फिल्टरवर बसतात. आधी कोऱ्या फिल्टरचं वजन, मग भरलेल्याचं. मधला फरक म्हणजे शहराच्या छातीत जे गेलं असतं ते. पण हा फरक इतका नाजूक की वजनखोलीत पावडर लावून यायचं नाही, अत्तर नाही, शिंक तर बाहेर जाऊन द्यायची. प्रत्येक फिल्टरला वजनाआधी चोवीस तासांचं माहेरपण. खोलीच्या ठरावीक उबेत, ठरावीक कोरड्या हवेत त्याने नुसतं पडून राहायचं. मग काकू चिमट्याने त्याला तराजूत ठेवायच्या आणि श्वास रोखायच्या. एरवी ज्यांच्या बोलण्याला पूर्णविराम नसे, त्या बाई दिवसातून साठ वेळा गप्प बसत. त्यांचे यजमान म्हणत, सरकारने तिला पगार या साठ वेळांचा द्यावा, उरलेल्या वेळाचा मला द्यावा.

रंगाचीही त्यांना जाण होती. रस्त्याची धूळ असेल तर फिल्टर मातकट, सिमेंट असेल तर राखाडी, धूर असेल तर काळा. डबीचं झाकण उघडताच त्या कोणत्या गच्चीवरचा माल आहे ते सांगायच्या, आणि क्वचितच चुकायच्या.

फिल्टर आणणारे ते गच्चीमास्तर. काडीसारखा माणूस, अकरा गच्च्या रोज चढणारा आणि कबुतरांना भिणारा. काकूंचं आणि त्यांचं रोज वाजायचं. डबीवर बोटाचा ठसा का, चिठ्ठी तिरकी का, आज अर्धा तास उशीर का. मास्तर ऐकून घेत आणि जाता जाता एक टोला मारून जात. दोघांपैकी एक रजेवर असला की ऑफिसला करमत नसे.

त्या हिवाळ्यात भानगड झाली ती काकूंच्या धाकट्या बहिणीमुळे. धाकटी शहराच्या कडेला, काँक्रीट कालवून देणाऱ्या एका कारखान्यामागच्या अरुंद गल्लीत राहायची. तिची सात वर्षांची मुलगी पहाटे उठायची तीच खोकत. छातीतून शिट्टी वाजायची आणि पोर उशीला टेकून बसायची. गल्लीत अशी आणखी पाच-सहा घरं होती. सगळ्यांनी मिळून तक्रार केली. चौकशी समितीने सांगितलं, की तीस दिवसांचं मोजमाप आणा. सरासरी साठच्या, म्हणजे घनमीटर हवेत साठ मायक्रोग्रॅमच्या, मर्यादेवर गेली तर कारखान्याला बोलावू, नाही तर फाइल बंद. मग गल्लीतल्या दवाखान्याच्या गच्चीवर बारावं यंत्र बसलं.

आपली सख्खी बहीण तिथे राहते हे काकूंनी पहिल्याच दिवशी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब वयाने काकूंच्या भाच्याएवढे. ते म्हणाले, फिल्टरवर नुसता नंबर असतो आणि तुमच्याशिवाय वजन करणार कोण. झालं. धाकटीला काकूंनी एक आकडा सांगितला नाही. पण धाकटी पक्की. रविवारी बहिणीकडे यायची, चहा घेता घेता हवापाण्याच्या गप्पा काढायची आणि ताईचा चेहरा वाचून घरी जायची. तिसऱ्या रविवारी ती गल्लीत सांगून मोकळी झाली की आकडे साठच्या वर आहेत. गल्लीने सुटकेचा श्वास टाकला. जो काही टाकता येत होता तो.

आणि एकोणिसाव्या दिवशी सगळं उलटलं.

झालं असं की फिल्टरांबरोबर एक कोरा फिल्टरही गच्चीवर जाऊन येत असे. त्याने सगळा प्रवास करायचा, पण हवा ओढायची नाही. परत आल्यावर त्याचं वजन होतं तेवढंच भरलं पाहिजे. भरलं नाही तर कुठेतरी गडबड आहे. असा एक कोरा दर आठवड्याला जाई, पण तोलत ते तीन साठल्यावर एकदम. त्या दिवशी शेवटचा जड निघाला. काकूंनी मागचे दोन काढले, तेही जड. मास्तरांना बोलावून त्यांनी अशी हजेरी घेतली की शेजारच्या खोलीतल्या लोकांनी कामं थांबवली. डब्या उघड्या टाकता, गच्चीवर कबुतरं पाहून पळता, काय नि काय. मास्तरांनी पहिल्यांदाच टोला मारला नाही. हळूच म्हणाले, "काकू, जो फिल्टर या खोलीबाहेर गेलाच नाही, त्याचं वजन करून बघा ना."

तोही जड निघाला.

म्हणजे चोर खोलीतच होता, आणि खोलीत काकूंशिवाय कोणी येत नव्हतं. तराजू चोख होता. धातूचं प्रमाण वजन रोजच्यासारखं बरोबर दाखवत होता. काकू डोकं धरून बसल्या. डोकं धरताना बाही केसांना लागली, बारीक चर्र असा आवाज झाला आणि केस उभे राहिले.

स्वेटर! पंचवीस वर्षांच्या संसारात यजमानांनी न सांगता, स्वतःहून आणलेली ही पहिली वस्तू. लोकरीचा म्हणून आणला, निघाला निव्वळ नायलॉन. पण रंग सुरेख होता, आणि काकूंना तो इतका आवडला होता की वर सुती कोट घालूनही बाह्या मनगटापाशी दोन बोटं बाहेर राहतील याची त्या काळजी घेत. त्या कोरड्या खोलीत नायलॉन घासून वीज साठत होती, ती फिल्टरला लागत होती, आणि विजेने ताणलेला फिल्टर तराजूत खोटं वजन दाखवत होता. धातूला तिचं काही नाही, म्हणून प्रमाण वजन बरोबर. कोऱ्या फिल्टरांची वजनं काकूंनी थंडी पडायच्या आधी, सुती कपड्यांत केली होती. भरलेल्यांची सगळी स्वेटरात.

त्यांनी स्वेटर काढून बाहेर टांगला आणि पुन्हा वजनं केली. दहा दिवसांपेक्षा जुना भरलेला फिल्टर परत तोलायचा नाही असा नियम, म्हणून फक्त आठ हाताशी होते. त्या आठांची सरासरी सदुसष्टवरून अठ्ठावन्नवर आली. साठच्या खाली.

साहेबांनी ऐकलं, खुर्चीत मागे रेलले, आणि सुचवलं की सगळ्यांतून सरासरी फरक वजा करून टाकू. काकू म्हणाल्या की वीज काय मोजून मापून लागत नाही. एकदा दीडशे मायक्रोग्रॅम, एकदा अडीचशे. काय वजा करणार? साहेबांनी आवाज खाली आणला. आठ फिल्टर सोडा, बाकीच्यांवर कोणाला शंका येणार आहे?

"मला आली आहे ना," काकू म्हणाल्या.

त्यांनी बाराव्या यंत्राच्या नोंदवहीतल्या एकोणीस ओळींवर, आणि बाकी अकरांच्या वह्यांतल्या स्वेटराच्या दिवसांवरही, लाल शाईने एकेक रेघ मारली. खालचा आकडा वाचता येईल अशी, कारण खाडाखोड लपवायची नसते. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वजन करणारीच्या कपड्यातील वीज. खाली सही. मग मास्तरांच्या टेबलाशी जाऊन सगळ्यांच्या देखत त्यांची माफी मागितली. मास्तर इतके गांगरले की त्यांनीच उलट माफी मागितली.

धाकटीला सांगणं अवघड होतं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, माझी पोर खोकते ते खोटं आहे का?" काकू म्हणाल्या, "खोकला खरा आहे. आकडा खोटा होता." धाकटीने कप तसाच ठेवला आणि गेली. पुढचे रविवार ती आली नाही. ज्या घरात दोन बहिणींच्या बोलण्यापुढे रेडिओ लावायची सोय नसे, तिथे यजमान आता बातम्या ऐकू लागले. आपण आणलेल्या स्वेटरने हे रामायण घडवलं म्हणून बिचारे आवाज बारीक ठेवत.

काकूंना मात्र वेगळंच काही खुपत होतं. पुन्हा तोलताना ते आठही फिल्टर त्यांनी नीट पाहिले होते, आणि ते राखाडी नव्हते, काळे होते. गल्ली सिमेंटच्या नावाने खडे फोडत होती आणि फिल्टर धुराची साक्ष देत होता. भाची खोकते कधी? पहाटे. कारखाना सुरू होतो कधी? आठला. काकूंनी साहेबांकडून आणखी एक यंत्र मागून घेतलं. तीस दिवस नव्याने, एक यंत्र पहाटे चार ते आठ, दुसरं उरलेल्या वेळात. मास्तरांना रोज पहाटे त्या गच्चीवर जायचं होतं. त्यांनी कबुतरांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दिवसाचा आकडा पन्नासच्या आत राहिला. पहाटेचा एकशेचाळीसच्या खाली क्वचित उतरला; चोवीस तासांच्या सरासरीत तो लपून जात होता. मास्तरांनी गच्चीवरून पाहिलेलं सांगितलं: कारखान्याचं फाटक आठला उघडतं, पण वाळू-सिमेंटचे ट्रक चारपासून गल्लीत रांग लावतात. ड्रायव्हर आत झोपतात आणि थंडी वाजते म्हणून हीटरसाठी इंजिन चालू ठेवतात. दोन्ही बाजूंना उंच भिंती. धूर जाणार कुठे, तर घराघरात.

समितीपुढे कारखान्याचा इंजिनिअर जाडजूड फाइल घेऊन आला. त्याने प्रयोगशाळेची नोंदवही मागितली, पानं उलटली, आणि त्याचा चेहरा खुलला. लाल रेघांचं पान वर धरून त्याने मोठ्याने वाचलं, कपड्यातील वीज. दोघं-तिघं हसले. या बाई स्वतःच्या स्वेटरचं वजन आमच्या नावावर घालत होत्या, असं तो म्हणाला.

काकू उठल्या. खिडकीतला उजेड थोडा कमी झाला.

"एकोणीस दिवस घालत होते," त्या म्हणाल्या. "पान उलटा. पुढचे तीस दिवस स्वेटर घरी होता."

त्याने पान उलटलं. बराच वेळ चूक शोधली. प्रत्येक आठवड्याचा कोरा फिल्टर तिथे नोंदलेला होता, वजन तेवढ्यास तेवढं. समितीच्या अध्यक्षीणबाईंनी वही त्याच्या हातातून काढून घेतली, लाल रेघांचं पान पुन्हा एकदा वाचलं, आणि त्याला विचारलं की तुमच्या फाटकाला पहाटे चारला उघडायला काय अडचण आहे. खरं तर काहीच नव्हती. आत मागच्या बाजूला मोकळी जागा होती. ट्रक तिथे थांबतील, इंजिन बंद राहतील, ड्रायव्हरांना उबेला बसायला एक खोली मिळेल, असं लिहून घेतलं.

पुढल्या रविवारी धाकटी आली. यजमानांनी मुकाट्याने रेडिओ बंद केला. तिने आल्या आल्या ताईला सांगितलं की फाटक आता चारला उघडतं, पोर पहाटेची झोपून असते, आणि काल तर खिडकी उघडी ठेवली होती.

"किती दिवस झाले?" काकूंनी विचारलं.

"चार."

"तीस होऊ दे," काकू म्हणाल्या, आणि बहिणीचा कप भरला. "मग बोलू."