गंधकाआधीची पूजा

सीमंतिनी डांबरात रबर घोटते. काय करतेस असं कोणी विचारलं की ती एवढंच सांगते, आणि तिच्या दौलतगंज मोहल्ल्यातल्या बायका ‘अगंबाई!’ म्हणून लग्नकार्याच्या गप्पांकडे वळतात. खरं तर ती झाशी रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. साधं डांबर ग्वाल्हेरच्या उन्हात पाघळतं. ते तापवून त्यात रबराच्या जातीचे पांढरे दाणे तासन्‌तास घोटायचे आणि शेवटी थोडं गंधक घालायचं. गंधक दोघांना असं बांधून टाकतं की मग डांबर उन्हात ढिलं पडत नाही आणि थंडीत तडकत नाही.

या कामात तिचा जीव अडकला तो नानांमुळे. नाना म्हणजे तिचे वडील, पिढीजात पुरोहित. यजमान भुकेने कळवळला तरी पूजेतला एक शब्द गाळायचे नाहीत. शहराच्या लष्कर भागातले पाहुणे त्यांच्या पूजेला घरून खाऊनच येतात. रोज दुपारी जेवण झालं की ते महाराज बाड्याच्या चौकाजवळ मित्राकडे, पांडुरंगरावांकडे, बुद्धिबळ खेळायला पायी जात. आदल्या मे महिन्यात घरासमोरच्या पाघळलेल्या डांबरात त्यांची चप्पल रुतली, नाना पालथे पडले आणि उजवं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण नाना उंबऱ्याबाहेर पडेनात. ‘ऊन फार आहे,’ म्हणायचे. पुढे थंडी पडली, तरी ऊन फारच होतं. माणूस घाबरला होता, आणि ते बघून सीमंतिनीला रडू यायचं.

अशात कारखान्याला घरासमोरच्या त्याच रस्त्याचा एक तुकडा चाचणीसाठी मिळाला. मालकांनी बजावलं, पहिला घाणा फसला तर तुकडा साध्या डांबरानेच उरकायचा. तसं झालं असतं तर नाना कायमचे घरात बसले असते, हे सीमंतिनीला दिसत होतं.

पहिल्या घाण्याची पूजा तिने नानांनाच सांगितली. त्या निमित्ताने का होईना, ते मोटारीत बसून बाहेर पडले. दाणे घोटून झाले होते, गंधक तेवढं पूजेनंतर घालायचं होतं. टाकीतली रवी घरघरत होती. नानांनी कपाळाला आठ्या घातल्या.

‘हा खडखडाट बंद करा पहिले. देवाला काय ऐकू येणार?’

‘बरोबर आहे नानांचं,’ मशीन चालवणारा संग्रामसिंह म्हणाला. ‘थोड्या देरची तर बात आहे, ताई.’

घोटणं मध्येच थांबवू नये, हे सीमंतिनीला पक्कं ठाऊक होतं. पण नानांचा चेहरा कित्येक महिन्यांनी फुलला होता. तिच्याने नाही म्हणवेना. तिने मान डोलावली आणि रवी थांबली.

गणपती झाला, कलश झाला, नवग्रह झाले, कारखान्यातल्या एकेकाचं गोत्र विचारून संकल्प झाला. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, नानांनी मालकांकडे पाहिलं, आणि मालकांनी घड्याळ पाहणं सोडलं. आरती होईपर्यंत दुपार कलली.

सीमंतिनीने टाकीच्या वरून आणि तळाच्या नळातून नमुने घेतले. ते पितळी कड्यांत भरले, वर पोलादी गोळ्या ठेवल्या आणि पाण्यात तापवत नेले. डांबर ढिलं पडलं की गोळी खाली येते; मिश्रण एकजीव असेल तर दोन्ही एकदमच. वरच्या नमुन्यातली गोळी जागची हलेना. तळाची मात्र पाणी पुरतं तापायच्या आतच खाली पडली. दाणे सायीसारखे वर आले होते आणि खाली उरलं होतं साधं डांबर. त्यात गंधक पडलं असतं तर नुसत्या गुठळ्या झाल्या असत्या.

‘माझ्या पूजेनं बिघडलं का गं?’ नानांनी हळूच विचारलं.

‘नाही, नाना. हो तर मीच म्हटलं.’

‘मग आता?’

‘आता परत घोटायचं. जमलं तर जमलं.’

नानांनी खुर्ची ओढली आणि ते थेट बटणासमोर जाऊन बसले. संग्रामसिंह चहासाठी मशीन थांबवायला आला, तर ‘चहा इथेच मागव, हात लावशील तर खबरदार!’ मालक ‘राहू दे आता’ म्हणायला आले, तर त्यांच्या हातात प्रसादाच्या शिऱ्याची दुसरी वाटी ठेवून त्यांचं तोंड बंद केलं. दिवेलागणीला दोन्ही गोळ्या बरोबरीने खाली आल्या. सीमंतिनीला इतका आनंद झाला की तिने संग्रामसिंहाच्या पाठीत धपाटाच घातला. मग गंधक पडलं आणि त्या घरघरीतच नानांनी घसा फोडून मंत्र म्हटले. देवाला ऐकू गेले असावेत. निदान झाशी रस्त्याला तरी गेलेच.

मे महिना आला. भर दुपारी नाना सीमंतिनीचा दंड घट्ट धरून नव्या रस्त्यावर उतरले. एक पाऊल टाकून थांबले, चप्पल दाबून पाहिली, उचलून पाहिली. मग दुसरं पाऊल. पानवाल्याच्या दुकानापाशी त्यांनी तिचा दंड कधी सोडला, ते तिलाही कळलं नाही. ते पुढे चालत होते आणि ती मागून डोळे पुसत होती.

बाड्याच्या अलीकडे नवा तुकडा संपला. पुढे जुनं डांबर उन्हात काळंभोर चमकत होतं. नाना थबकले. सीमंतिनी लगबगीने आधार द्यायला पुढे झाली आणि तिचीच चप्पल त्यात रुतून बसली. ती एका पायावर तोल सावरत उभी राहिली. नाना कडेने आले, वाकले आणि त्याच मोडून जुळलेल्या उजव्या हाताने त्यांनी चप्पल ओढून काढली.

‘सिमू,’ चप्पल तिच्या पायाशी ठेवत ते म्हणाले, ‘एवढाही तुकडा करून टाक गं. पूजा मी छोटीच करीन.’